मार्गदर्शन होण्यास विनंती: प्लिनीची ख्रिश्चनांवरची फाईल

सरकारी कचेरीत ज्यांनी कधी टेबल सांभाळलंय त्यांना हा प्रकार चांगला माहीत असतो. साहेब एखादं प्रकरण आपल्या मनानेच निकाली काढतात, मग तसलीच आणखी पन्नास प्रकरणं दारात उभी राहतात, त्यात गावातली वजनदार माणसं निघतात, आणि मग साहेबांना एकदम आठवतं की अरे, याबाबत वरून स्पष्ट सूचनाच नाहीत. मग पत्र जातं, "तरी याबाबत उचित मार्गदर्शन होण्यास विनंती आहे." मी स्वतः बरीच वर्षं असली पत्रं टाइप केलीत, त्यामुळे १९०० वर्षांपूर्वीचं एक लॅटिन पत्र भाषांतरात पहिल्यांदा वाचलं तेव्हा आधी हसूच आलं. नंतर हसू गेलं, कारण पत्र निघायच्या आधीच त्यात काही माणसं मारून झालेली आहेत.

पत्र लिहिणारा प्लिनी, ज्याला धाकटा प्लिनी म्हणतात तो. ज्याच्याकडे गेलं तो सम्राट ट्राजन. साल नक्की एक सांगता येत नाही पण इ.स. ११० ते ११२ च्या दरम्यानचं. विषय, ख्रिश्चन म्हणून धरून आणलेल्या लोकांचं काय करायचं. रोमन अधिकाऱ्याच्या हातचं ख्रिश्चनांबद्दल जे काही आज शिल्लक आहे त्यातलं हे सगळ्यात जुनं. प्लिनीच्या पत्रांच्या दहाव्या भागात हे ९६ नंबरला येतं आणि लगेच ९७ ला ट्राजनचं उत्तर, म्हणजे जावक आवक दोन्ही एकाच फाईलला लागलेलं. (मूळ फाईल मात्र गहाळ. या दहाव्या भागाची एकच हस्तलिखित प्रत १५०० च्या सुमारास पॅरिसला सापडली, १५०८ मध्ये व्हेनिसला ती छापली आणि त्यानंतर ती प्रत गायब झाली ती झालीच. छापली नसती तर आज आपण यावर काही बोलूच शकलो नसतो.)

आधी हा प्लिनी कोण ते बघू, कारण तो कोणी माथेफिरू नव्हता आणि ते लक्षात घेतलं नाही तर प्रकरण कळत नाही. उत्तर इटलीतल्या कोमो गावचा, खात्यापित्या घरचा, पेशाने वकील, त्यातही वारसाहक्काच्या दाव्यांत मुरलेला. सरकारी खजिन्यावर काम केलेलं, इ.स. १०० मध्ये कॉन्सल, म्हणजे रोमच्या सर्वोच्च पदांपैकी एकावर, पोचलेला. व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला तेव्हा हा सतरा वर्षांचा, आणि त्याचा मामा, थोरला प्लिनी, त्यातच गेला. हा मामा म्हणजे तोच ज्याने हिंदुस्थान दरवर्षी आमचे पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो म्हणून हळहळ लिहून ठेवलीय, आपल्या मिरी-मलमलीच्या व्यापाराचा विषय निघाला की ज्याचं नाव हमखास येतं तो. भाचा मामासारखा विद्वान नव्हता पण नेकीचा, नीटनेटका, थोडा स्वतःवर खूश असणारा अधिकारी. आणि देवधर्माचं म्हणाल तर हा स्वतः ऑगर होता, म्हणजे शकुन बघणाऱ्या सरकारी पुरोहित मंडळाचा सदस्य, आणि आपल्या जमिनीवरचं सेरेस देवीचं जुनं देऊळ त्याने पदरच्या खर्चाने नव्याने बांधायला घेतलेलं. त्याच्या लेखी देऊळ म्हणजे गावाचा सार्वजनिक भाग, पाणवठ्यासारखा. श्रद्धा वगैरे शब्द त्यात फारसा येतच नाही.

अशा माणसाला ट्राजनने बिथिनिया-पोंटस प्रांतात गव्हर्नर म्हणून पाठवलं. हा काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्याचा लांबट पट्टा, आजच्या तुर्कस्तानात. पोचला तो १७ सप्टेंबरला, वाटेत उन्हाने आणि तापाने हैराण होऊन, आणि दुसऱ्या दिवशी सम्राटाचा वाढदिवस आहे हे पत्रात आवर्जून कळवलं. नेमणूक कशासाठी, तर पैशांच्या भानगडी निस्तरायला. निकोमीडियाच्या लोकांनी पाण्याच्या कालव्यावर ३३,१८,००० सेस्टर्स घातले, काम अर्धवट सोडलं, पाडलं, मग दुसऱ्या कालव्यावर आणखी दोन लाख घातले, आणि पाणी नाहीच. नायसियात थिएटरवर एक कोटीच्या वर खर्च झालेला आणि ते खचतंय, भिंतींना भेगा. सैनिकाला तेव्हा वर्षाला १२०० सेस्टर्स मिळायचे, त्यावरून अंदाज बांधा. अमास्ट्रिस नावाच्या देखण्या शहरात भर रस्त्याच्या कडेने जिला नदी म्हणतात ती वाहते पण ती नदी नाही, उघडं गटार आहे, झाकायची परवानगी द्या असंही एक पत्र आहे, आणि ते ख्रिश्चनांच्या पत्रानंतर लगेच येतं, एक सोडून. म्हणजे साहेबांच्या टेबलावर त्या आठवड्यात ख्रिश्चन आणि गटार अशी शेजारी शेजारी कामं होती.

याच ढिगात आणखी एक पत्र आहे जे मला या प्रकरणाची किल्ली वाटतं. निकोमीडियाला मोठी आग लागली, घरं जळाली, लोक नुसते बघत उभे राहिले. प्लिनीने विचारलं की १५० माणसांचं एक अग्निशमन दल काढू का, फक्त कारागिरांतून घेईन, लक्ष ठेवीन, एवढ्या लोकांवर नजर ठेवणं अवघड नाही. ट्राजन म्हणाला नको. या प्रांतात अशाच मंडळांनी घोळ घातलेत, नाव काहीही द्या, कशासाठीही जमवा, लोक एकत्र आले की थोड्याच दिवसांत त्याचं राजकीय टोळकं होतं. बंब, बादल्या घेऊन ठेवा, आग लागली की घरमालकांनी विझवावी. दीडशे आग विझवणाऱ्यांची ज्या सरकारला भीती वाटते त्याला दर आठवड्याला पहाटे गुपचूप जमणाऱ्या लोकांबद्दल काय वाटणार. प्लिनीने आल्यावर मंडळांवर बंदीचा हुकूम काढलाच होता.

आता प्रकरण.

रोमन प्रांतात सरकारी वकील नावाचा माणूस नसायचा. कोणीतरी खाजगी माणसाने उठून अमक्यावर आरोप करायचा, समोर उभं राहायचं, आणि गव्हर्नरने ऐकायचं. म्हणजे ख्रिश्चन प्लिनीने शोधले नाहीत, त्याच्याकडे आणून दिले. कोणी, ते तो लिहीत नाही. प्लिनी म्हणतो मी ख्रिश्चनांच्या खटल्यांना कधी हजर नव्हतो, त्यामुळे काय तपासायचं, काय आणि किती शिक्षा करायची मला ठाऊक नाही. वयाचा फरक करायचा का? पश्चात्ताप केला तर सोडायचं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, नुसतं ख्रिश्चन हे नाव असणं हाच गुन्हा, की त्या नावाला चिकटलेले जे गुन्हे म्हणतात ते सिद्ध व्हावे लागतात?

प्रश्न फर्स्टक्लास आहेत, वकिलाचे आहेत. फक्त ते विचारण्याआधी त्याने काय केलं ते पुढच्याच ओळींत येतं. मी त्यांना विचारलं, तुम्ही ख्रिश्चन आहात का. हो म्हणाले तर दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं, शिक्षेची धमकी देऊन. तरी ठाम राहिले त्यांना न्यायला सांगितलं. न्यायला म्हणजे मारायला. कारण, आणि हे वाक्य कायद्याच्या विद्यार्थ्यांनी दोनदा वाचावं, त्यांनी कबूल केलेली गोष्ट काहीही असो, असला हट्ट आणि न वाकणारा अडेलपणा हाच शिक्षेला पात्र आहे याबद्दल मला शंका नव्हती. रोमन नागरिक होते त्यांना मात्र रोमला पाठवायच्या यादीत घातलं. नागरिकाला प्रक्रिया, बाकीच्यांना तीन प्रश्न. मेले किती? आकडा पत्रात नाही, नावं नाहीत. गटाराच्या पत्रात निदान ते गटार कुठून कुठे वाहतं एवढं तरी आहे.

मग व्हायचं तेच झालं. साहेब ऐकतात म्हटल्यावर तक्रारी वाढल्या. निनावी पत्रक आलं, त्यात ढीगभर नावं. आपल्याकडे निनावी अर्ज आला की त्यावर "दफ्तरी दाखल" लिहून विषय मिटवायचा असा साधारण रिवाज, निदान कागदावर तरी. प्लिनीने तसं केलं नाही, त्या यादीतल्या लोकांना बोलावलं. आणि इथे ती प्रसिद्ध चाचणी येते.

दृश्य असं डोळ्यासमोर आणा. गव्हर्नर जिथे बसतो तिथे देवांच्या मूर्ती मागवून मांडल्यात, त्यात मुद्दाम सम्राट ट्राजनचा पुतळा आणून ठेवलाय. धूप आहे, वाइन आहे. प्लिनी स्वतः प्रार्थनेचे शब्द आधी म्हणतो, समोरचा माणूस त्याच्या मागून म्हणतो, लग्नात गुरुजींच्या मागून म्हणतात तसं. मग पुतळ्यापुढे धूप टाकायचा, वाइन ओतायची. आणि शेवटी ख्रिस्ताला शिवी द्यायची. प्लिनी म्हणतो, खरे ख्रिश्चन असतात त्यांच्याकडून यातलं एकही काम बळजबरीने करवता येत नाही असं म्हणतात, म्हणून ज्यांनी हे केलं त्यांना सोडावं असं मला वाटलं.

या चाचणीत मनात काय आहे हे कोणी विचारत नाहीये, हे मला सगळ्यात जास्त खटकलं आणि नंतर कळलंही. ज्युपिटरवर तुझा विश्वास आहे का, हा प्रश्नच नाही. रोमन लोकांसाठी देवाधर्मात करायची ती कृती, बाकी घरी जाऊन काय मानायचं ते माना, पाच देव मानताय त्यात सहावा घाला, कोणाची ना नाही. एक दोन मिनिटांचं काम, धूप टाका आणि घरी जा. प्लिनीला मनापासून कळत नाही की एवढ्यासाठी माणूस मरतो कशाला. आणि समोरच्यांना कळत नाही की एवढ्यासाठी हा मारतो कशाला. दोन्ही बाजूंना धुपाची तीच चिमूट दिसते, एकाला ती साध्या शिष्टाचाराची, दुसऱ्याला आपल्या देवाशी बेइमानीची. मला वाटतं धर्मांवरच्या मोठमोठ्या चर्चांत ही अडचण हरवते, इथे ती एका टेबलावर ठेवलेली दिसते.

मग ज्यू लोकांचं कसं चालायचं, असा प्रश्न येतोच. तेही मूर्तीपुढे धूप टाकत नसत. पण त्यांचा धर्म जुना, वाडवडिलांचा, एका जमातीचा, आणि रोमनांना जुन्याबद्दल आदर होता. शिवाय जेरुसलेमचं मंदिर होतं तोवर तिथे सम्राटासाठी यज्ञ व्हायचा. सम्राटाला नाही, सम्राटासाठी, अशी पळवाट दोघांनाही चालत होती. इ.स. ७० मध्ये मंदिर पाडलं आणि नंतर ज्यूंवर वेगळा कर बसवला, तो भरा आणि आपल्या पद्धतीने राहा. ख्रिश्चनांकडे यातलं काहीच नव्हतं. ना जुनेपण, ना मंदिर, ना एक जमात. कालपर्यंत आपल्यासोबत जत्रेत मिरवणारा शेजारी एकाएकी येईनासा झाला, हे त्यांचं दिसणारं रूप. आणि त्यांच्या देवाला तर एका रोमन गव्हर्नरनेच क्रूसावर दिलेलं.

असो. यादीतल्यांपैकी काहीजण म्हणाले आम्ही होतो पण सोडलं. कोणी तीन वर्षांपूर्वी, कोणी त्याच्याही आधी, एखादा तर वीस वर्षांपूर्वी. त्यांनीही धूप टाकला, शिवी दिली. पण प्लिनी वकील, त्याने या माजी लोकांकडून माहिती काढून घेतली, आणि फाईलमधला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे. ते म्हणाले आमची सगळी चूक, चूक म्हणायची तर, एवढीच की एका ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमायचो, आपल्या काकड्याची वेळ म्हणा ना, आणि ख्रिस्त जणू देव आहे असं धरून आळीपाळीने गाणं म्हणायचो. मग शपथ घ्यायचो, पण कुठल्या गुन्ह्याची नाही तर उलट, चोरी करणार नाही, लूट करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, कोणी ठेव ठेवली असेल तर मागितल्यावर नाही म्हणणार नाही. मग पांगायचो, आणि पुन्हा जमायचो ते जेवायला. जेवण साधं, निरुपद्रवी. आणि तेही तुमचा मंडळबंदीचा हुकूम निघाल्यावर बंद केलं.

"साधं, निरुपद्रवी" हे का सांगावं लागतं? कारण ख्रिश्चन लोक लपून मुलं खातात वगैरे अफवा होत्या, शरीर आणि रक्त खाण्यापिण्याची भाषा अर्धवट कानावर पडली की अशा गोष्टी तयार होतात. ठेवीचं कलम मला फार आवडलं. बँक नसलेल्या काळात माणूस परगावी जाताना पैसे ओळखीच्याकडे ठेवून जायचा आणि परत आल्यावर तो म्हणायचा कसले पैसे. अशा बाजारपेठेत हे मोठंच कलम आहे.

प्लिनीला यावर विश्वास बसला नाही, किंवा बसला पण खात्री करायची होती. म्हणून त्याने दोन गुलाम बायकांना धरलं, ज्यांना ते लोक "मिनिस्ट्रे" म्हणत, म्हणजे सेविका, बहुधा डीकन या ग्रीक शब्दाचं लॅटिन. गुलामाची साक्ष छळ करून घ्यायची अशीच रोमन रीत, त्यामुळे यात त्याला काही वावगं वाटलं नाही, अर्ध्या वाक्यात उरकलंय. त्यातून निघालं काय? काही नाही. वाईट, अतिरेकी अंधश्रद्धा, याच्यापलीकडे काही सापडलं नाही असं तो लिहितो. घरात, समाजात तळाला असलेल्या या दोन बाया त्या मंडळीत पुढारी होत्या, हे एका वाक्यातून आपल्याला कळतं, आणि त्यांचं पुढे काय झालं हे कळत नाही.

आता क्रम लावून बघा. आधी शिक्षा, मग चाचणी, मग चौकशी, मग छळ, मग निष्कर्ष की गुन्हा काही नाही, आणि मग वर पत्र. निष्कर्ष निघाल्यावर आधी मारलेल्यांचं काय, यावर अक्षर नाही. आणि पत्र पाठवण्याचं कारण तो काय देतो, तर संख्या. सगळ्या वयाचे, सगळ्या थरांतले, बायका पुरुष दोन्ही, खूप लोक यात येताहेत आणि येतील, शहरातच नाही, खेड्यापाड्यांत, शेतशिवारात ही लागण पसरलीय. थोड्या लोकांना मारताना मार्गदर्शन लागलं नव्हतं. कचेरीत काम केलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटतं आणि त्यानेच जास्त अंगावर येतं.

पत्राच्या शेवटी तो सम्राटाला दिलासा देतो आणि तिथे ती ओळ आहे जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. म्हणतो, आता सुधारतंय. जवळजवळ ओस पडलेली देवळं पुन्हा गजबजायला लागलीत, बरेच दिवस बंद असलेले विधी सुरू झालेत, आणि बळीचं मांस जागोजागी विकलं जातंय, ज्याला आत्ताआत्तापर्यंत गिऱ्हाईक मिळणं मुश्कील होतं. इथला मूळ मजकूर जरा बिघडलेला आहे, काही अभ्यासक मांस वाचतात, काही बळीच्या जनावरांचा चारा. कसंही वाचा, आहे तो धंदाच.

त्या शहरांत यज्ञ म्हणजे नुसता विधी नव्हता. जनावर पाळणारा, त्याला चारा विकणारा, देवळापर्यंत हाकत आणणारा, कापणारा, फुलांच्या माळा करणारा, धूप विकणारा, आणि मग देवाचा वाटा जाळून उरलेलं मांस जेवणावळीत किंवा बाजारात. पन्नास माणसांचं पोट एका वेदीवर. ख्रिश्चन मंडळी हे मांस घेत नसत, किंवा घ्यावं की नाही यावर आपापसात भांडत असत. याच्या पन्नासेक वर्षं आधी ख्रिस्ती धर्मप्रचारक पॉलने ग्रीसमधल्या करिंथकरांना लिहिलं ते हेच, की बाजारात जे विकतात ते चौकशी न करता खा, मूर्ती म्हणजे काही नाही, पण हे देवाला वाहिलेलं आहे असं कोणी मुद्दाम सांगितलं तर खाऊ नका. मराठी बायबलात तिथे नैवेद्य हाच शब्द वापरलाय, आणि आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांना हा प्रश्न नवा नाही, शेजारून सत्यनारायणाचा शिरा आला की कोणी आनंदाने खातं, कोणी घेतं आणि बाजूला ठेवतं, कोणी हात जोडून नको म्हणतं. पण आपल्याकडे शिरा नाकारला तर फार तर शेजारीण रुसते. तिथे खाटकाचा धंदा बसत होता.

म्हणून तक्रारी कोणी केल्या असतील याचा माझा अंदाज, आणि हा अंदाजच आहे, की देवांचा अपमान झाला म्हणून कोणी पेटून उठलं असेल त्यापेक्षा माल पडून राहिला म्हणून जास्त जण उठले असतील. फक्त धंदा असं म्हणणंही खरं नाही पण. जत्रेला न येणारा शेजारी, पंगतीला न बसणारा मेहुणा, देवाला न मानणारी सून, हे रोजचं टोचणं असतं. आणि भूकंपाच्या टापूतली ही शहरं, देव रागावले तर सगळ्यांचंच घर पडणार, मग हे चार जण नैवेद्य का अडवतात. पुढे ८०-९० वर्षांनी टर्टुलियन या ख्रिश्चन लेखकाने टोमणा मारला तो याच वृत्तीला, की रोमच्या टायबर नदीला पूर आला तरी ख्रिश्चन, नाईलला पूर नाही आला तरी ख्रिश्चनच, द्या सिंहाला.

ट्राजनचं उत्तर जेमतेम काही ओळींचं. तू केलंस ते बरोबर. सगळीकडे लागू होईल असा ठाम नियम करता येत नाही. त्यांना शोधत बसायचं नाही. समोर आणले आणि सिद्ध झालं तर शिक्षा करायची. पण जो नाकारेल आणि आपल्या देवांची पूजा करून ते दाखवून देईल त्याला, आधीचा संशय काही असो, माफी. आणि निनावी पत्रकांना कुठल्याही आरोपात जागा नाही, तो अगदी वाईट पायंडा होईल आणि आपल्या काळाला शोभणारा नाही.

शेवटचं वाक्य छानच आहे, त्यासाठी ट्राजनला मानलं. पण प्लिनीच्या मुख्य प्रश्नाला, नाव हाच गुन्हा की कृत्य, सरळ उत्तर नाहीच. आडून आहे, आणि ते असं की नाव हाच गुन्हा, फक्त असा गुन्हा जो पोलिसांनी शोधायचा नाही आणि जो आरोपी त्याच जागी दोन मिनिटांत पुसून टाकू शकतो. चोराला "आता मी चोर नाही" म्हटल्यावर कोणी सोडत नाही. टर्टुलियन स्वतः कायद्याच्या भाषेत पटाईत, त्याने १९७ च्या सुमारास नेमकं हेच पकडलं, की निरपराध म्हणून शोधू नका म्हणता आणि अपराधी म्हणून मारा म्हणता, शोधायचं नसेल तर मारता कशाला आणि मारायचं असेल तर शोधत का नाही. उत्तर त्याला कोणी दिलं नाही. ट्राजनची बाजू घ्यायची तर एवढंच म्हणता येईल की त्याला प्रांत शांत हवा होता, आणि शोधमोहीम काढली असती तर निकोमीडिया, नायसिया, अमिसस सगळीकडे शेजाऱ्याने शेजाऱ्याला गाठलं असतं. पण झालं असं की त्या दिवसापासून प्रत्येक ख्रिश्चनाचं जगणं शेजाऱ्याच्या मर्जीवर आलं. शेजारी बरा तर तीस वर्षं सुखात, भांडण झालं की कोर्टात. पुढची १४० वर्षं साधारण हाच कारभार चालू राहिला, मध्ये ट्राजननंतरचा सम्राट हेड्रियनने पुरावा नीट आणा, खोटा आरोप करणाऱ्याला धरा वगैरे सांगितलं पण पाया तोच.

त्या प्रांतात लागण थांबली का? नाही. पन्नासेक वर्षांनी त्याच किनाऱ्यावर अबोनोटायकस गावात अलेक्झांडर नावाच्या बाबाने ग्लायकॉन नावाचा माणसाच्या डोक्याचा सापदेव उभा केला, दूरदूरहून लोक प्रश्न विचारायला यायचे, पैसे द्यायचे. लूशियन या लेखकाने त्याची यथेच्छ टिंगल केलीय, त्यात आहे की हा बाबा म्हणायचा पोंटस नास्तिकांनी आणि ख्रिश्चनांनी भरलाय, आणि त्याच्या उत्सवाच्या सुरुवातीला "ख्रिश्चन बाहेर" अशी आरोळी असायची. जोडीला एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञाचे अनुयायीही बाहेर. देव माणसांच्या कारभारात लक्ष घालतात हे ते मानत नसत आणि बाबाची लबाडी पकडायचे, म्हणजे बाबाच्या धंद्याला दोघांचाही सारखाच त्रास.

मग २४९ मध्ये डेशियस सम्राट झाला आणि त्याने प्लिनीची चाचणी सगळ्या साम्राज्याला लावली. आता आरोपाची वाट बघायची नाही, प्रत्येकाने यज्ञ करायचा आणि सर्टिफिकेट घ्यायचं. इजिप्तच्या वाळूत अशी चाळीसच्या वर सर्टिफिकेटं सापडलीत. एक आहे ऑरेलियस डायोजीनीसचं, अलेक्झांडरचं बेट नावाच्या खेड्यातला, बापाचं नाव साताबूस, वय ७२, ओळखखूण उजव्या भुवईवर व्रण. तो लिहितो, मी नेहमीच देवांना यज्ञ करत आलोय, आणि आता तुमच्यासमोर हुकमाप्रमाणे यज्ञ केला, वाइन ओतली, आणि बळीचं मांस चाखलं, तरी तसं खाली प्रमाणित करावं ही विनंती. तारीख, आपल्या हिशोबाने २६ जून २५०. हा डायोजीनीस ख्रिश्चन होता की नाही हे त्या कागदावरून कळत नाही, कारण कागद सगळ्यांनाच घ्यावा लागत होता. पण बघा, धूप-वाइनवर भागत होतं तिथे आता मांस खाऊन दाखवावं लागतंय. बाहत्तर वर्षांचा म्हातारा, सरकारी माणसासमोर उभा राहून एक तुकडा चावतोय.

सम्राट डायोक्लेशियनने ३०३ मध्ये ख्रिश्चनांविरुद्धची शेवटची मोठी मोहीम सुरू केली ती निकोमीडियातूनच, तिथलं चर्च पाडून. आणि ३२५ मध्ये ख्रिश्चनांच्या बाजूला गेलेल्या सम्राट कॉन्स्टंटाइनने सगळे बिशप एकत्र बोलावले ते नायसियात, त्याच भेगा पडलेल्या थिएटरच्या गावात, सरकारी खर्चाने.

पुढचं लवकर घडलं. ८ नोव्हेंबर ३९२ ला सम्राट थिओडोसियसचा कायदा निघाला. कुठल्याही माणसाने, कुठल्याही दर्जाच्या, कुठल्याही गावात, मूर्तीपुढे जनावर मारायचं नाही. एवढंच नाही, घरातल्या देवांपुढे दिवा लावायचा नाही, वाइन ओतायची नाही, धूप टाकायचा नाही, माळ अडकवायची नाही. ज्या जागेत धुपाचा धूर झाल्याचं दिसेल ती जागा, धूप टाकणाऱ्याच्या मालकीची असेल तर, सरकारजमा. देवळात किंवा दुसऱ्याच्या जागेत यज्ञ केला तर २५ पौंड सोनं दंड. आणि गावोगावच्या न्यायाधीशांनी, कौन्सिलच्या लोकांनी यावर नजर ठेवायची, कळलं की लगेच कळवायचं, कोणाला पाठीशी घातलं तर त्यांच्यावरही कारवाई. ट्राजनचं ते "शोधत बसायचं नाही" एवढं कलम या कायद्यात नव्हतं.